बेथेसदाचे तळे आणि आजारी भिक्खू

ख्रिस्ती धर्मग्रंथात येशूने रोग्यांना बरे केल्याच्या ज्या कथा आहेत, त्यांच्याविषयी आपल्या समाजात दोन तऱ्हेची माणसे आढळतात. एक म्हणतात, हे सारे थोतांड आहे, त्यावर बोलण्यात वेळ कशाला दवडायचा? दुसरे चंगाईच्या सभेला जाऊन बसतात. पहिले बहुधा शिकलेले, नोकरीपेशातले आणि मुख्य म्हणजे धडधाकट असतात. दुसरे कोण असतात, हे ज्याने आपल्या वस्त्या पाहिल्या आहेत त्याला सांगायला नको. जिच्या मुलाला फेफरे येते ती आई, ज्याचे मूत्रपिंड निकामी झाले आहे तो हमाल, दवाखान्याच्या पायऱ्या चढून चढून ज्यांच्या घरातील भांडी विकली गेली अशी कुटुंबे. थोतांड हा शब्द उच्चारला की पहिल्याचे काम भागते. दुसऱ्याचे भागत नाही. नात्यातल्या एका वृद्ध मावशीने मला एकदा सरळच विचारले, “अरे, तो आंधळ्याला डोळे देतो म्हणतात. आपला बुद्ध काय देतो?” या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही.

म्हणून चमत्कार खरोखर घडला की नाही, हा वाद मी येथे बाजूला ठेवतो. निसर्गनियम कोणासाठी थांबत नाहीत, हे आपल्याला मान्यच आहे. पण घटकाभर असे धरून चालू की, शुभवर्तमानात लिहिले आहे तसेच घडले. तसे घडले असेल, तर ती करुणेची रीत ठरते काय? दुःखी माणसांच्या जगात ती नीती म्हणून उभी राहू शकते काय? खरा प्रश्न हा आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेसदाच्या तळ्याची कथा आहे. यरुशलेम नगरात मेंढरे दरवाजाजवळ हे तळे होते आणि त्याला पाच ओसऱ्या होत्या. त्या जागी उत्खनन झाले असून दोन कुंडांचे ते तळे आज तेथे पाहावयास मिळते. म्हणजे जागा खरी आहे. त्या ओसऱ्यांत आंधळे, लंगडे, लुळे अशा रोग्यांची गर्दी पडलेली असे. पाणी हलले की जो पहिल्याने आत उतरेल तो बरा होई, अशी समजूत होती. देवदूत येऊन पाणी हलवतो, हे वाक्य सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, ते मागाहून आले, असे बायबलचे अभ्यासकच सांगतात. पण समजूत होती यात शंका नाही. तेथे अडतीस वर्षे आजारी असलेला एक माणूस पडून होता. येशूने त्याला विचारले, तुला बरे व्हायचे आहे काय? त्यावर त्या माणसाने होय किंवा नाही असे उत्तर दिलेच नाही. त्याने आपली तक्रार सांगितली. पाणी हलते तेव्हा मला तळ्यात सोडणारा कोणी माणूस माझ्याजवळ नाही आणि मी सरपटत जाईपर्यंत दुसराच कोणी आधी उतरतो, असे तो म्हणाला. येशूने त्याला बाज उचलून चालू लाग म्हणून सांगितले, आणि तो चालू लागला.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. त्या तळ्याचा कायदा काय होता ते पाहावे. जो धावू शकतो तो बरा होणार आणि जो धावू शकत नाही तो पडून राहणार. म्हणजे ज्याला सर्वांत कमी आजार, त्याला सर्वांत आधी औषध. ज्याच्याजवळ नातेवाईक, नोकर, पैसा, त्याची पाळी पहिली. हा कायदा आपल्या ओळखीचा नाही काय? आजची मोठी रुग्णालये कोणत्या कायद्याने चालतात? त्या माणसाने नेमके दुखण्याच्या जागेवर बोट ठेवले होते. त्याचा पाय लुळा होता, परंतु त्याचे दुःख पायात नव्हते, त्याच्या बाजूला माणूस नव्हता यात होते.

येशूने त्याचा पाय बरा केला. फार चांगले केले. पण मग त्या पाच ओसऱ्यांत पडलेले बाकीचे? त्यांच्याविषयी शुभवर्तमान एक अक्षर बोलत नाही. त्या गर्दीतून एक माणूस बाज घेऊन निघून गेला, येशूही गर्दीत मिसळून निघून गेला, आणि उरलेले तेथेच पाणी हलण्याची वाट पाहत राहिले. तळ्याचा कायदा जसाच्या तसा राहिला. ज्याच्या अंगी एका शब्दात बरे करण्याची शक्ती आहे, त्याने एकालाच का बरे करावे? शक्ती नसती तर हा प्रश्न उठलाच नसता. वैद्याला आपण विचारत नाही की तू सर्वांना का बरे केले नाहीस, कारण वैद्य माणूस आहे, तो थकतो, त्याची औषधे संपतात. सर्वशक्तिमानाला मात्र हा प्रश्न विचारावा लागतो. त्याचे उत्तर ख्रिस्ती पंडित निरनिराळ्या प्रकारे देतात. हे चमत्कार म्हणजे येणाऱ्या ईश्वरी राज्याच्या खुणा आहेत, असे त्यांतले एक उत्तर आहे. पण खूण म्हणून एकाला उचलायचे आणि शंभरांना पडू द्यायचे, हे त्या शंभरांना कसे वाटले असेल?

याच कथेचा पुढचा भाग अधिक अडचणीचा आहे. बरा झालेला माणूस पुढे मंदिरात भेटतो तेव्हा येशू त्याला बजावतो की, आता पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. म्हणजे अडतीस वर्षांचे दुखणे पापाशी जोडले गेले. आणि त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा येशू उत्तर देतो की दोघांचेही नाही. हे उत्तर वाचताना मला नेहमी आनंद होतो. शिष्यांचा प्रश्न आपल्या देशातल्या कोणत्याही शास्त्र्याने विचारला असता. जन्मतः आंधळा, म्हणजे पूर्वजन्मीचे पातक. जन्मतः महार, म्हणजे पूर्वजन्मीचे पातक. त्या प्रश्नाला एका शब्दात नाही म्हणणारा माणूस थोर होता. पण त्याच वाक्याचा उत्तरार्ध असा आहे की, देवाची कामे याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून हा आंधळा जन्मला. आता सांगा, लहानपणापासून भीक मागत बसलेल्या माणसाचे आयुष्य दुसऱ्याच्या थोरवीचे प्रदर्शन मांडण्यासाठी राखून ठेवलेले होते, हे ऐकून त्याच्या आईला काय वाटावे? पापाचे ओझे उतरले, पण दुःखाचे कारण शोधण्याची वाट पुन्हा बंदच झाली.

आता महारोग्याची कथा. मार्काच्या पहिल्याच अध्यायात ती आहे. तिच्यात आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट चमत्कार नव्हे, स्पर्श आहे. येशूने हात पुढे केला आणि त्या माणसाला शिवला. बरे होण्याच्या आधी शिवला. यहुद्यांच्या लेवीय नावाच्या ग्रंथात अशा रोग्यासाठी कडक नियम आहेत. त्याने कपडे फाडावेत, केस मोकळे सोडावेत, ओठ झाकावेत, मी अशुद्ध आहे असे ओरडत जावे आणि वस्तीबाहेर एकटे राहावे. पेशवाईतील गळ्यातले मडके आणि पाठीमागचा झाडू, ज्यांची नोंद बाबासाहेबांनी १९३६ साली आपल्या जातिनिर्मूलनाच्या निबंधात केली, ती ज्याला ठाऊक आहेत त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. हा रोग आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तोच होता असेही नाही. त्या ग्रंथात हाच शब्द कपड्यावरच्या व घराच्या भिंतीवरच्या बुरशीलाही लावला आहे. रोग कोणता हे पुरोहिताने ठरवायचे आणि शुद्ध झाला की नाही हेही पुरोहितानेच ठरवायचे.

येथेच माझी गाडी अडते. त्या माणसाला बरे केल्यावर येशू सांगतो की, जा, स्वतःला पुरोहिताला दाखव आणि मोशेने नेमलेले अर्पण कर. लूकाच्या शुभवर्तमानात दहा महारोगी येतात, त्यांनाही हेच सांगितले जाते. म्हणजे अस्पृश्य शुद्ध झाला, आणि शुद्ध झाला म्हणून गावात आला. गावाबाहेर ठेवण्याचा नियम जागच्या जागी राहिला, शुद्धीचा दाखला देणारा पुरोहितही जागच्या जागी राहिला.

आपल्याला कोणता रोग झाला होता? आपल्या अंगावर काय होते, जे जायला हवे होते? चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्या मागून हजारो लोक पाण्यात उतरले, तेव्हा कोणी देवदूत पाणी हलवायला आला नव्हता. कोण आधी उतरतो याची शर्यत नव्हती. पाणी पिऊन कोणाचे रोग बरे झाले नाहीत, कारण पिणारे रोगी नव्हतेच. रोग ज्यांना होता त्यांनी मागाहून शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे त्या तळ्यात ओतून आपल्या रोगाचा पुरावा दिला. अस्पृश्यतेचा रोग अस्पृश्याच्या शरीरात नसतो, त्याला दूर ठेवणाऱ्याच्या मनात असतो. मग शरीर शुद्ध करणारा चमत्कार तेथे काय करणार? खुद्द कुष्ठरोगाची गोष्ट घ्या. नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ साली त्याचा जंतू शोधला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होऊ लागला. तरीही आपल्या देशाच्या वैयक्तिक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ सालापर्यंत लिहिलेले होते. जंतू मेला, पण बाकीच्यांची भीती त्याच्या मागे अडतीस वर्षे जिवंत राहिली.

चंगाईच्या सभांत मात्र सर्वांत अधिक नुकसान करणारी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे विश्वासाची अट. रक्तस्रावाच्या रोगाने बारा वर्षे पीडलेली बाई येशूच्या वस्त्राला शिवून बरी होते, तेव्हा तुझ्या विश्वासाने तुला बरे केले, असे तिला सांगितले जाते. उलट नासरेथ या त्याच्या स्वतःच्या गावी लोकांचा विश्वास नव्हता, म्हणून काही थोड्या रोग्यांना बरे करण्यापलीकडे त्याला तेथे महत्कृत्य करता आले नाही, असे मार्क लिहितो. या दोन कथा एकत्र ठेवल्या म्हणजे काय निष्पन्न होते? बरा झालास, तर श्रेय देवाचे. बरा झाला नाहीस, तर दोष तुझा, तुझा विश्वास कमी पडला. कर्मविपाकाच्या सिद्धान्तात याहून वेगळे काय आहे? तेथे गेल्या जन्मीच्या माणसाला दोषी धरतात, येथे या जन्मीच्या. रोगी दोन्हीकडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा. क्षयाच्या गोळ्या सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि मधेच सोडल्या तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. अशा वेळी ‘गोळी घेणे म्हणजे अविश्वास’ असे ज्याच्या मनात बिंबवले जाते, तो काय गमावतो हे सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे व लुबाडणे हाही. हा कायदा एका धर्मासाठी नाही, सर्व धर्मांतल्या बुवांसाठी आहे.

आता मावशीच्या प्रश्नाकडे वळतो.

भगवान बुद्ध नालंदेला असताना केवड्ढ नावाच्या गृहस्थाने त्यांना विनंती केली की, एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करवावा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागतांनी ती मानली नाही. श्रद्धा नसलेला माणूस म्हणेल की ही गांधारी विद्या आहे, मग त्यातून काय साधले, असे त्यांनी त्याला समजावले. येशूच्या विरोधकांनी नेमके हेच केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी भुते निघाल्याचे नाकारले नाही, तो भुतांच्या सरदाराच्या साहाय्याने भुते काढतो, एवढेच म्हटले. चमत्काराने सिद्ध काहीच होत नाही. येशूलाही हे कळत असावे, कारण परूश्यांनी चिन्ह मागितले तेव्हा त्याने उसासा टाकून नकार दिला, असे मार्कच सांगतो. असो.

दुसरी कथा विनयपिटकाच्या महावग्गातील आहे. तथागत आनंदाला घेऊन विहारातील खोल्या पाहत हिंडत होते. एका खोलीत अतिसाराने आजारी असलेला भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला दिसला. तुझी शुश्रूषा करणारे कोणी आहे काय, असे विचारता तो नाही म्हणाला. का नाही, तर मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायाकडून धरून त्याला उचलले व मंचकावर निजवले.

बेथेसदाच्या माणसाची तक्रार आणि या भिक्खूची तक्रार एकच आहे. आपल्याला कोणी माणूस नाही. येशूने असे केले की त्या माणसाला कोणाची गरजच राहू नये. तथागतांनी भिक्खूसंघ जमवला आणि सांगितले की, तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही, तर कोण करणार? जो रोग्याची सेवा करील त्याने माझीच सेवा केली असे समजावे. आणि तेथेच नियम घातला की उपाध्यायाने, आचार्याने, शिष्याने, कोणीच नसेल तर संघाने आजाऱ्याची शुश्रूषा करावी, न केल्यास तो दोष. तो भिक्खू बरा झाला की नाही हे महावग्ग सांगत नाही. सांगतो ते हे की, त्यानंतर आजारी पडणाऱ्या प्रत्येक भिक्खूला माणूस असणे हे कर्तव्य झाले. बेथेसदाच्या ओसरीत उरलेल्यांची व्यवस्था ज्यात लागते, अशी ही रीत आहे. पुढे रोग्याची सेवा करणाऱ्याचे गुणही दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य काय व अपथ्य काय हे कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र व ओकारी काढताना किळस मानू नये, आणि धम्माच्या गोष्टी सांगून धीर देता यावा. औषध पहिले, धम्मकथा शेवटी, हा क्रम पाहण्यासारखा आहे.

आणि सुप्पबुद्ध कुष्ठी? त्याची दीक्षा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतितांच्या व दलितांच्या दीक्षांबरोबर घेतली आहे. राजगृहातला हा दरिद्री कुष्ठरोगी गर्दी पाहून, अन्नदान चालले असेल या आशेने, जवळ आला. तथागतांनी त्याला बरे केले नाही. त्याला उपदेश केला, आणि हा मनुष्य समजून घेण्यास योग्य आहे असे ओळखून केला. ज्याला सारे गाव भिकारी म्हणून ओळखत होते, त्याला विचार करणारा माणूस म्हणून ओळखले. उदान ग्रंथात याच कथेला शेपूट जोडलेले आहे की, पूर्वजन्मी तो एका प्रत्येकबुद्धावर थुंकला म्हणून त्याला कुष्ठ झाले. हे शेपूट आपण मान्य करण्याचे कारण नाही. मागल्या जन्मीच्या कर्माची फळे या जन्मी भोगावी लागतात हे मत बुद्धाचे नव्हे, असे बाबासाहेबांनी स्पष्ट मांडले आहे.

ख्रिस्ती ग्रंथाची चिकित्सा करताना आपलीही झडती घेतली पाहिजे. महावग्गातच सुप्पिया उपासिकेची कथा आहे. आजारी भिक्खूसाठी तिने स्वतःच्या मांडीचे मांस कापून दिले, आणि तथागतांना पाहताच तिची जखम भरून आली, असे तेथे लिहिले आहे. बोज्झंगांचा उच्चार ऐकून महाकस्सप बरे झाले, असे संयुत्तनिकायात आहे. आपल्यापैकी कित्येक जण आजाऱ्याच्या उशाशी परित्राणपाठ करतात आणि मनगटाला सूत बांधतात. धीर देण्यासाठी पाठ करावा, त्याला हरकत नाही. पण सूत बांधले म्हणून तपासणी लांबवली, तर त्या सुतात आणि चंगाईच्या तेलात फरक राहिला कोठे?

सर्वांत कठीण प्रसंग मृत्यूचा. नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा येशूने तिरडीवरून उठवला, असे लूक सांगतो. किसा गोतमीला तथागतांनी, ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आणावयास सांगितले. कोणत्याही आईला विचारा, ती नाईनच मागेल. मीही मागेन. धम्माची थोरवी गाताना आपले प्रचारक हे कबूल करत नाहीत, आणि म्हणून त्यांचे प्रवचन शोकाकुल घरात कोरडे वाटते. पण मागितले तरी ते मिळण्यातले नाही, हेच तर दुःख आहे. नाईनची बाई एकटी घरी गेली आणि गावातल्या दुसऱ्या आया तशाच राहिल्या. गोतमी दारोदार फिरली तेव्हा प्रत्येक दारात तिला कोणी ना कोणी गमावलेले माणूस भेटले. बाबासाहेबांची चार मुले गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला, म्हणजे महाडच्या आदल्याच वर्षी. १९३५ साली रमाई गेल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला तेव्हा मधुमेहाने त्यांचे शरीर खचलेले होते, आणि दोन महिन्यांच्या आतच ते गेले. त्यांच्याकडे आरोग्याचे वरदान मागायला कोणी गेले नव्हते.

ख्रिस्ती परंपरेतही या चमत्कारांहून मोठी गोष्ट आहे. ती मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. आजाऱ्याच्या समाचाराला जो गेला तो माझ्याच समाचाराला आला, असा तिचा आशय आहे, आणि महावग्गातील बुद्धवचनाशी तिचे साम्य कोणालाही दिसेल. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उघडले ते या वचनाच्या बळावर, शस्त्रक्रियेच्या हत्यारांनिशी. आपल्या कितीतरी गावांतले लोक तेथे बरे होऊन आले. त्याच दशकात, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले पुण्याच्या प्लेगमध्ये वारल्या. त्यांनी एका आजारी महार मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले होते, आणि त्या साथीने त्यांनाही गाठले.

वर्षावासात आपल्या विहारांतून तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. हजेरीची आणि वर्गणीची वही सर्व ठिकाणी असते. तिच्या मागच्या पानांवर वस्तीतील आजाऱ्यांची नावे लिहिता येतील. कोणाला डायलिसिससाठी कोणत्या वारी जायचे आहे, कोणाच्या क्षयाच्या गोळ्या कितव्या महिन्यात आहेत, कोणाचे रेशनकार्ड नाही म्हणून योजनेचा अर्ज अडला आहे, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार. मावशीला मी हेच सांगितले. तिला गुडघ्यामुळे एकटीने बसमध्ये चढता येत नाही. पुढल्या गुरुवारी तिच्याबरोबर कोण जाईल, असे तिने लगेच विचारले.